१९६८ची अँबॅसिडर: बिगेंड वाजला त्यानंतरच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी साडेसातला पन्हाळ्याला निघालो. पुढच्या लांब सीटवर मी आणि आई, मागे बायको आणि धाकटी. गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. गणपतीत सुरू केली, तेव्हापासून रंकाळा, राजारामपुरी, फार तर कागलपर्यंत एवढंच फिरवलं. घाटात आज पहिल्यांदाच.

डॅशबोर्डखाली ऑइल प्रेशरचा एक गोल मीटर आहे. आबांनी बाहेरून बसवून घेतलेला. इंजिनातून तांब्याची बारीक नळी निघते ती थेट त्याच्या पाठीत येते. शिवाजी पुलावर काटा पन्नासला होता. केर्लीत चाळीस. वाघबिळाला पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा पंचवीस. आईनं बघितलं. म्हणाली, "काटा खाली आलाय बघ. तुझे आबा अशा वेळी गाडी कडेला घ्यायचे."

मी म्हटलं, "मीटर जुना झालाय आई. काहीपण दाखवतोय."

दोन वळणं चढलो आणि आवाज सुरू झाला. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज हलका असतो, वरून येतो, शिलाई मशीनसारखा. हा खालून येत होता. ठक्, ठक्, ठक्, उखळात मुसळ पडावं तसा. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचा. काटा दहावर. तिथंच थांबायला हवं होतं. मागे एसटी आहे, वळणावर जागा नाही, असं मनाशी म्हणत दीडेक किलोमीटर वर नेली आणि रुंद जागा बघून बंद केली. जागा आधी दोनदा मिळाली होती. चढावर बंद पडलेली अँबॅसिडर येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावी हे मला नको होतं, एवढंच खरं.

आई काही बोलली नाही. डब्यातली थालीपीठं तिथंच झाडाखाली खाल्ली. दुपारी गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली.

११ नोव्हेंबर

मेस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढचं. या इंजिनचं मागचं मोठं काम १९८७ साली त्यांच्याच हातून झालंय, आबांच्या डायरीत तशी नोंद आहे. चप्पल काढून शेडमध्ये शिरले, बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "आवाज घेऊन किती लांब चालवलीस?"

"थोडीच."

"थोडी म्हंजे?"

"दीड किलोमीटर."

"लई झालं की रे."

अर्धा मिनिटच इंजिन सुरू केलं, त्याहून जास्त नको म्हणाले. एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिली, दुसरी काढली, ठोक्यात फरक नाही. तिसरी काढली आणि ठोका निम्म्यावर आला. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही की पिस्टन खाली दणका देत नाही, म्हणून सैल झालेलं बेअरिंग वाजायचं थांबतं. तीन नंबरचा बिगेंड गेला, म्हणजे पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं जोडला जातो तिथलं बेअरिंग. मेस्त्रींनी लगेच चावी फिरवून बंद केलं.

मग ऑइल काढलं. घमेल्यात धार पडायला लागली तेव्हा नुसतं काळं वाटलं. तळाशी थोडं उरल्यावर मेस्त्रींनी घमेलं उन्हात धरून हलवलं. गणपतीच्या मखराला लावतात तशी चमकी. पातळ, चंदेरी, मधूनच तांबूस. चुंबक फिरवला, एक कण चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचा धातू. चिमूटभर बोटांत घेऊन चोळली, रांगोळीसारखी कचकच लागली. हात धुतले तरी रेषांत संध्याकाळपर्यंत चमकत होती.

१३ नोव्हेंबर

मेहुण्याचा फोन. जुनं इंजिन भंगारात घाल आणि इसुझू टाक, असा सल्ला. सल्ला अगदीच वेडा नाही. १८०० सीसीचं इसुझू इंजिन पुढे कंपनीनंच अँबॅसिडरला दिलं होतं आणि ते या इंजिनपेक्षा दमदार आहे. डिझेलही खूप जणांनी बसवलं.

आपलं इंजिन १४८९ सीसी. इंग्लंडच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हेच होतं, तिथं दोन कार्ब्युरेटर लावून. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात एक कार्ब्युरेटर लावून ते डॉक्टर, वकील, कलेक्टर आणि साखर कारखान्याचे चेअरमन यांच्या सेवेला लागलं. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी मेन बेअरिंगं फक्त तीन, कॅम बाजूला, पुशरॉड. यात कळत नाही असं काही नाही, म्हणूनच गल्लीतला मेस्त्री ते खोलू शकतो.

माझी अडचण निराळी आहे. आरसी बुकावर इंजिन नंबर आहे. बदललं तर आधी आरटीओची परवानगी आणि मग नोंद. शिवाय २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला चालत नाही. ही गाडी ५६ वर्षांची. आज ना उद्या तो अर्ज करायचा आहे.

मेहुण्याला एवढंच सांगितलं की नंबराचा प्रश्न आहे. नंबराचा नसता तरी मी हेच केलं असतं, ते त्याला सांगून उपयोग नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

इंजिन उतरवलं. चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, गाडीतच खोलून बघू, असं माझं म्हणणं होतं. मेस्त्री म्हणाले, "क्रँक खराब असणारच हाय. मग दोनदा काम कशाला?" बॉनेट, रेडिएटर, डायनॅमो, कार्ब्युरेटर, सगळं काढून मोकळं करायला दुपारचे दोन वाजले. शेडच्या गर्डरला चेन ब्लॉक अडकवला. माउंटिंगचा एक बोल्ट ८७ सालानंतर कुणी हलवला नसावा. त्यावर गंजावरचं तेल टाकून तासभर सोडला, तरी शेवटी छिन्नीच लावावी लागली.

इंजिन वर येताना गिअरबॉक्सच्या तोंडाशी घंटेच्या आकाराचा भाग बघितला, आत तेलाचा चिखल. याला मेस्त्री दोष मानत नाहीत. या इंजिनच्या क्रँकला मागे रबरी सील नाहीच. क्रँकवर आटे पाडलेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी नाही, मग चार थेंब खाली. ज्याच्या अंगणात अँबॅसिडर आहे त्याच्या फरशीवर डाग आहे.

१८ नोव्हेंबर

चेंबर खोलला. हीच खरी नोंद, म्हणून सविस्तर लिहितो.

तळाशी बोटभर काळा थर. काकवी आटून घट्ट झाल्यासारखा. पण चेंबरचा तळ महत्त्वाचा नाही, महत्त्वाची ती जाळी. ऑइल पंप जिथून तेल ओढतो तिथं वाटीएवढी तारेची जाळी असते. ती पूर्ण लिंपली होती. शेणानं चूल सारवतात तशी. नखानं खरवडलं तर खपली निघाली, खाली जाळीची भोकं दिसली, त्यांतली बहुतेक बंद. पंपाला तेल ओढायला जेमतेम रुपयाएवढी जागा उरली होती. सपाट रस्त्यावर तेवढ्यानं भागत होतं. घाटात इंजिन तापलं, तेल पातळ झालं, गाडी मागे कलली, तिथं भागलं नाही.

मग तीन नंबरची कॅप. या इंजिनचे रॉड तिरके कापलेले असतात, म्हणजे बिगेंडचा जोड सरळ आडवा नसून तिरपा असतो, रॉड बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीतून, वर काढता यावा म्हणून. कॅप सोडवली तर बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या समोरासमोर असायच्या त्या एकीवर एक चढलेल्या. बेअरिंग जागा सोडून फिरलं होतं. एक वाटी चॉकलेटच्या कागदाएवढी पातळ झाली होती, कडेला फाटलेली. क्रँकची पिन निळी पडलेली आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. नख ओढलं की अडकत होतं.

बाकी तीन बेअरिंगं नुसती घासलेली. पाठीवर शिक्का ०२०. म्हणजे ८७ साली क्रँक वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली ग्राइंड केलेला आहे. मेन बेअरिंगांवर ०१०.

मेस्त्रींनी जाळी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग विचारलं, "ऑइल बदललंस तवा काय केलं हुतंस?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, नेहमीसारखं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. उद्यमनगर बंद. मत देऊन आलो आणि शेडमध्ये बसून राहिलो.

काय केलं होतं ते लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये, गाडी सुरू करायच्या आधी, जुनं ऑइल काढलं, अर्धं डिझेल आणि अर्धं ऑइल असं मिश्रण भरून दहा मिनिटं इंजिन चालवलं. 'धुवायला'. कुणीतरी सांगितलं म्हणून. मग नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक ऑइल भरलं, महागातलं, कारण महाग म्हणजे चांगलं. सहा वर्षं उभ्या इंजिनमध्ये, आणि त्याआधीच्या तीस वर्षांत, जो थर भिंतींना चिकटून निवांत होता तो डिझेलनं सैल केला. नव्या ऑइलमध्ये साफ करणारी रसायनं जास्त असतात, त्यांनी उरलेला सोडवला. सगळा जाळीवर जाऊन बसला. चेंबर खोलून, जाळी धुऊन, मग ऑइल भरलं असतं तर आजची वेळ आली नसती. दुपारभराचं काम होतं.

आणि काटा गणपतीपासून रोज थोडा थोडा खाली येत होता. आबांच्या डायरीत लिहिलंय, गरम इंजिन, चालू गाडी, ५०. सप्टेंबरात मी स्वतः ४५ बघितलं. ऑक्टोबरात ४०. त्या दिवशी पुलावर पन्नास दिसलं ते इंजिन अजून गार होतं म्हणून. दर वेळी मी मीटरला दोष दिला.

मेस्त्रींना फोन करून सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही नाही. मग, "मला वाटलंच हुतं. उद्या क्रँक घिऊन ये."

२१ नोव्हेंबर

क्रँक गोणपाटात गुंडाळून शिवाजी उद्यमनगरात नेला. कोल्हापूरकराला याचं अप्रूप नाही, पण बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही: एका गल्लीत पॅटर्न करणारा, पुढच्या गल्लीत ओतणारा, त्याच्या पलीकडे लेथ, आणि कोपऱ्यावर क्रँक ग्राइंडिंग. ऊसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागली, ती इथं बनायला लागली, त्यांच्या दुरुस्तीतून ही सगळी दुकानं उभी राहिली. अँबॅसिडरचा क्रँक त्यांना पोरखेळ.

ग्राइंडिंगवाले काका आधी क्रँकला हात लावेनात. दोरीनं टांगला आणि लहान हातोडीनं टोला दिला. घंटेसारखा नाद, लांब चालला. "फुटलेला न्हाई." तेवढ्यावर समाधान नाही म्हणून रॉकेलमध्ये बुडवला, अर्ध्या तासानं कोरडा पुसला आणि वरून खडूची पूड लावली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पुडीवर रेघ उमटते. आम्ही तिघं वाकून बघत होतो. रेघ नाही.

माप. बिगेंडची पिन मूळची १.८७६ इंच. वीस खाली म्हणजे १.८५६ असायला हवी. तीन नंबरवर रेघांची खोली एका बाजूनं आठ थाऊ. तीस साइजला नेलं तर व्यासात दहा थाऊ कमी होणार, म्हणजे एका बाजूनं पाचच, रेघा राहणार. चाळीसला नेलं तर बाजूनं दहा, रेघा जाणार. चाळीस ही शेवटची साइज. त्यापुढे या क्रँकला बेअरिंग मिळत नाही.

"ही शेवटची बारी," काका म्हणाले. "पुढच्या वेळी क्रँकच बदलायचा."

चारही पिना ०४०, मेन ०२०. त्यांना एकच गोष्ट सांगायला मेस्त्रींनी मला बजावलं होतं, कोपऱ्यातली गोलाई ठेवा. मी सांगितली. काकांनी चष्म्यावरून बघितलं. पिन आणि तिच्या बाजूची भिंत जिथं मिळते तिथं गोलाई हवी. घाईत ग्राइंड करणारे तिथं चौकोनी कोपरा पाडतात, आणि क्रँक तुटतो तो बरोब्बर तिथूनच. "मेस्त्रीनं सांगितलं व्हय? त्याला सांग, मी त्याच्या आधीपास्नं गोलाई ठेवतोय."

२६ नोव्हेंबर

०४० बेअरिंग सेटचा शोध. कोल्हापुरात नाही, पुण्यात नाही. मुंबईत एकाकडे ०३०. शेवटी कोलकात्याच्या मलिक बाजारातून एका दुकानदारानं फोनवर 'आहे' म्हटलं. पैसे पाठवले.

२ डिसेंबर

पार्सल आलं. डब्यावर ०४०, आत वाट्यांच्या पाठीवर ०२०. परत पाठवलं. फोन केला, कुणी उचलला नाही. मग दुसऱ्याकडून मागवलं आणि या वेळी पैसे देण्याआधी वाट्यांच्या पाठीचा फोटो मागितला.

ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यात. आणि इकडं शेडमध्ये इंजिन नसलेली गाडी नाक वर करून उभी आहे. पुढचं वजन गेल्यामुळं स्प्रिंगा उचलल्यात. धाकटी म्हणते, "रुसलीये."

७ डिसेंबर

तीन नंबरचा रॉड बाद. बिगेंडचा गाळा तापून लंबगोल झालाय. घासून नीट करता येतो म्हणतात, पण मेस्त्रींना नको. भंगारवाल्याकडे दोन तास घालवून एक जुना रॉड मिळाला, सरळ, गाळा गोल. आता वजनाचा प्रश्न. चारही रॉड सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं.

किराण्याचा काटा उपयोगाचा नाही. मेस्त्री म्हणाले, "गुजरीत जाऊ." मला वाटलं चेष्टा करताहेत. चांदीचं काम करणारे त्यांचे एक ओळखीचे आहेत, माल हुपरीहून येतो, त्यांच्याकडे मोठा काटा. चौघं गिऱ्हाईक पैंजणं बघत बसले होते आणि आम्ही ग्रीसचे हात पुसत गोणपाटातनं चार रॉड बाहेर काढले. दुकानदारानं काट्यावर लाल कापड टाकलं आणि पैंजणांसारखेच एक एक ठेवले. आपल्या तिघांत दोन ग्रॅमचा फरक. भंगारातला अकरा ग्रॅम जड. एका बाईंनी विचारलं, "हे कशाचं आहे?" दुकानदार म्हणाला, "अँबॅसिडरच्या पायातलं."

जड रॉडवरचा धातू बिगेंडच्या टोकाशी असलेल्या जाड भागावरून घासायचा, मधल्या दांड्याला हात लावायचा नाही. मेस्त्रींनी दुकानाच्या पायरीवर बसून कानस चालवली, तीनदा आत जाऊन तोललं. शेवटी एक ग्रॅमवर आणलं. मजुरी विचारली तर दुकानदार म्हणाला, गाडी झाली की पोरांना एक फेरी मारा.

१४ डिसेंबर

दत्त जयंती. मेस्त्री नरसोबाच्या वाडीला. मी एकटाच.

क्रँकच्या आतली तेलाची भोकं साफ केली. मेनमधून बिगेंडकडे तिरकी भोकं जातात. सायकलची तार, रॉकेल, पुन्हा तार. तिसऱ्या पिनेच्या भोकातून काळ्या मेणासारखी बोंडं निघाली आणि त्यात चमकी. ग्राइंडिंगनंतर क्रँक बाहेरून आरशासारखा दिसत होता आणि आत हे साचलेलं होतं. असाच बसवला असता तर नवी बेअरिंगं पहिल्या दहा मिनिटांत गेली असती. ब्लॉकच्या वाटाही अशाच धुतल्या, टोकाची बुचं काढून.

पंप उघडला. आत ओरखडे होते, बदलला.

२१ डिसेंबर

बोअर, हेड. थोडक्यात: बोअर चाळीस थाऊ मोठा केला, पिस्टन आणि रिंगा नव्या. मूळ बोअर ७३ मिलिमीटरच्या किंचित वर, आता ७४च्या किंचित वर. हेडचा फेस मारला, म्हणजे तळ घासून सपाट केला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हांना कठीण धातूच्या सीटा बसवल्या, कारण २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि जुन्या बिडाच्या सीटा त्याशिवाय खचतात. ८७ साली या कामाची गरजच नव्हती, तेव्हा शिसं होतं.

२९ डिसेंबर, रविवार

जुळवणी. बेअरिंग बसवायच्या आधी पिनेवर मेणासारखा एक बारीक हिरवा धागा ठेवून कॅप आवळली आणि परत सोडली. धागा जेवढा चपटा होतो त्यावरून मधली जागा कळते. दोन थाऊ. चारही ठिकाणी. मेस्त्री हा धागा पहिल्यांदाच बघत होते, तिसऱ्या पिनेच्या वेळी त्यांनी तो स्वतः ठेवला.

टॉर्क रेंचवरून, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणाऱ्या पान्यावरून, वाद. मेन ७० फूट-पाउंड, बिगेंड ३५, असं पुस्तकात. मेस्त्री म्हणाले, माझ्या हाताला कळतं. मी म्हटलं, आवळा, मग मोजू. त्यांनी बिगेंडचा एक बोल्ट साध्या पान्यानं आवळला. रेंच लावला, ३६ला सुटला. दुसरा, ३४. त्यानंतर सगळे बोल्ट रेंचनंच आवळायचं ठरलं, ते मात्र त्यांनीच ठरवलं. "तुझं समाधान व्हऊ दे."

पिस्टनची पिन रॉडमध्ये एका बोल्टनं चिमटली जाते. तो ढिला राहिला तर पिन सरकून बोअर फाडते. तो मी तीनदा तपासला. मेस्त्रींनी चौथ्यांदा.

४ जानेवारी २०२५

इंजिन गाडीत. गाडीचं नाक खाली आलं.

५ जानेवारी, रविवार

ऑइल २०-५०, साधं, जाड. प्लग चारही काढलेले, म्हणजे दाब येणार नाही आणि बेअरिंगांवर भार पडणार नाही. समोरून हँडल घालून फिरवायला लागलो. हेतू एकच, सुरू करण्याआधी तेल सगळीकडे पोचवायचं. वीस फेरे, काही नाही. चाळीस, काही नाही. मी घामाघूम. मेस्त्रींनी मीटरची नळी मागून ढिली केली, हवा असेल म्हणून. अजून तीसेक फेऱ्यांनी नळीच्या तोंडाशी थेंब आला, मग धार. नळी आवळली. नंतर सेल्फ मारला, प्लगविना इंजिन सुरसुर फिरलं.

आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. उठून आत आली, खिडकीतून डोकं घातलं.

काटा शून्यावरून हलला. दहा. पंधरा. पंचविसावर थांबला.

मग प्लग लावले, डेल्कोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, टायमिंग परत बघितलं, चोक ओढला. तिसऱ्या सेल्फला लागलं. धूर भरपूर, जुळवताना लावलेलं तेल जळतं. काटा साठवर गेला आणि इंजिन तापत गेलं तसा पन्नासकडे आला. मेस्त्री एका हातानं लांब पाना इंजिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावून वाकले होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. तिसऱ्याशी जास्त वेळ थांबले. काही बोलले नाहीत, पाना डब्यात टाकला आणि हात धुवायला गेले.

इंजिन गार झाल्यावर हेडचे नट परत आवळले, टॅपेट १५ थाऊला लावले.

१२ जानेवारी

२०० किलोमीटर झाले. ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टरचा कागद कापून पसरून उन्हात बघितला. रिंगा बसताना निघते तेवढी बारीक काळी पूड, चुंबकाला चिकटणारी. चमकी नाही. मेस्त्रींना दाखवायला कागद पिशवीत घालून ठेवलाय.

फरशीवर डाग पडायला लागलाय. तो पडणारच.

गुजरीतल्या दुकानदाराच्या पोरांना रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आणल्या. एक ठरली होती.

२६ जानेवारी, रविवार

४३० किलोमीटर. मेस्त्रींचं सांगणं, हजारापर्यंत साठच्या वर नाही आणि चढावर जोर नाही. म्हणून पन्हाळा नाही, वाघबिळापर्यंतच.

आई पुढे बसली. निघायच्या आधी पदरानं मीटरची काच पुसली. पुलावर म्हणाली, "पंचावन्न." केर्लीत, "पन्नास." मी रस्त्याकडे बघत होतो. वाघबिळाच्या फाट्याशी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. पन्हाळ्याच्या अंगानं एसटी उतरत होती, ती जाऊ दिली.

"आता किती?"

"चालताना अठ्ठेचाळीस होतं. आता उभी आहे तर बावीस. एवढं असतं का उभ्याला?"

"असतं."

"मग वळव."